ढेकर कोण काढणार

बाळ पोटभर दूध प्यालं की ढेकर काढायला त्याला खांद्यावर घ्यावं लागतं, आणि खांद्यावर घेतलं की ते त्यातलं थोडं दूध परत करतं. यात बाळाची काही चूक नसते. घेणाऱ्याची असते. ती नेमकी काय असते यावर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दोन पक्ष पडले होते, आणि दोन्ही पक्ष तिथेच मुक्कामाला होते.

पहिला पक्ष म्हणजे बाळाचे आजोबा, वडिलांचे वडील, दाताचे निवृत्त डॉक्टर. दुसरा पक्ष म्हणजे बाळाची आजी, आईची आई. त्यांची लाँड्री होती. ती आता मुलगा बघत होता, म्हणजे मुलगा लाँड्रीकडे बघत होता आणि त्या फोनवरून मुलाकडे बघत होत्या. डॉक्टरांची बायको आलीच नव्हती. "मी माझी पोरं वाढवली, आता मला झोपू द्या," एवढं बोलून तिने नवऱ्याची बॅग भरून दिली. त्याला निरोप देताना ती जितकी प्रसन्न दिसली तितकी लग्नाच्या फोटोतही दिसली नव्हती.

दोघंही मदतीला आले होते. मदतीला आलेला माणूस आणि चाल करून आलेला माणूस यांच्यातला फरक सामानावरून ओळखता येत नाही. एव्हाना मदत पुरे झाली होती, पण जो आधी जाईल तो हरला, असं दोघांनी एकमेकांना न विचारता ठरवलेलं असल्यामुळे कोणीच जात नव्हतं.

बाळाला अजून नाव नव्हतं, कारण दोन्हीकडची नावं तयार होती. मुलगी होती, म्हणून तोवर सगळे बाळी म्हणत. डॉक्टर अधूनमधून पेशंट म्हणत.

बाळीची आई एका राहायच्या हॉटेलात स्वागताच्या काउंटरवर होती. त्याला कोणी लॉज म्हटलेलं मॅनेजरला खपत नसे, आणि ते लॉज नाही हे लोकांना कळावं म्हणून काउंटरवरच्या माणसाला गडद निळा कोट सक्तीचा होता. तिच्याकडे असे दोन कोट होते. त्यातला एक बाळंतपणानंतर तिला ओळख द्यायला तयार नव्हता. दुसरा पोटावर कसाबसा मिटत होता. तिच्या रजेत एक बदली मुलगी नेमली होती, आणि ती मुलगी खुर्चीवर अशी बसायला लागली होती की खुर्ची तिच्याच मापाने शिवलीय. मॅनेजरने फोन करून फार गोड आवाजात सांगितलं होतं, की सोमवारी या, वेळेवर या, टापटीप या. नाही जमलं तरी काळजी करू नका, ही मुलगी चांगली रुळलीय. ज्या वाक्यात 'काळजी करू नका' येतं त्या वाक्यानंतर माणसाला झोप लागत नाही. बाळीच्या आईला तशीही लागत नव्हती.

तेव्हा प्रश्न एवढाच होता, की सोमवारपासून बाळीला कोण सांभाळणार. डॉक्टर की विहीणबाई. दोघं मिळून, हा पर्याय कोणाच्या डोक्यात आला नव्हता, कारण सगळ्यांची डोकी तोवर शाबूत होती.

डॉक्टरांची पद्धत शास्त्रीय होती. बंद केलेल्या दवाखान्यातून त्यांनी कागदी रुमालांचा एक खोका आणला होता. पेशंटच्या गळ्यात साखळीच्या दोन चिमट्यांनी अडकवतात, ते रुमाल. बाळीचं दूध पिऊन झालं की ते तिच्या गळ्यात रुमाल अडकवत, तिला खांद्यावर घेत आणि दोन बोटांनी पाठीवर टकटक करत, दाढ दुखते का बघावी तसं. मग म्हणत, "हं. थुंका आता." उभ्या आयुष्यात त्यांच्या या सूचनेला कोणी नाही म्हटलं नव्हतं. बाळीही म्हणत नसे. फक्त रुमाल तिच्या छातीवर असे, तोंड डॉक्टरांच्या खांद्यापलीकडे असे, आणि दूध डॉक्टरांच्या पाठीवरून निवांत उतरे. रुमाल कोरडा. डॉक्टर तो सोडून उजेडात धरत आणि समाधानाने सांगत, "बघा, एक थेंब नाही."

स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, ही निसर्गाची माणसावरची मोठी कृपा आहे. डॉक्टर त्याच शर्टात खालच्या बागेत फिरायला जात.

विहीणबाईंची पद्धत व्यावसायिक होती. त्यांच्या दुकानात एक नियम होता: कपडा आत घेताना काउंटरवर पसरायचा, मागून पुढून बघायचा, आणि जो डाग असेल तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत बोटाने दाखवायचा. "हा आधीचा आहे, बघून ठेवा." म्हणजे नंतर आपल्यावर येत नाही. बाळी त्यांच्या हातात दिली की त्या तिला उजेडाकडे नेत, उलटसुलट करत आणि लेकीला म्हणत, "नाकावर ओरखडा आहे. आधीचा. बघून ठेव." मग त्या दोन्ही खांद्यांवर टॉवेल घालत, सेफ्टी पिनांनी पक्के करत आणि बाळीची पाठ अशी थोपटत की कोटातली धूळ उडाली पाहिजे. टॉवेलांना त्या स्टार्च करत. स्टार्च केलेला कपडा दूध शोषत नाही, घसरवतो. दूध घसरून जमिनीवर जाई, बाळीचा गाल टॉवेलवर घासून लाल होई, आणि विहीणबाईंचा ब्लाउज दुकानातून नुकता आणल्यासारखा राही. गाल लाल झालेला बघून डॉक्टर जिभेने टचटच असा आवाज काढत. त्यांच्या दवाखान्यात त्या आवाजाचा अर्थ दात काढावा लागेल असा असे.

डॉक्टरांना माणसांशी बोलायची सवय होती, पण ती तोंड उघडं टाकून आडव्या पडलेल्या माणसांशी. ती उत्तर देत नाहीत. विहीणबाई उभ्या असत, आणि त्यांचं तोंड रिकामं असे.

"बाळाच्या त्वचेला मऊ कापड लागतं, विहीणबाई. हा काय पत्रा आहे?"

"आणि तुमच्या कागदाने काय होतं, डॉक्टरसाहेब? दूध आपल्या अंगावर सांडू नये म्हणून कागद बाळाला बांधायचा? मग छत्री पावसाला धरत जा."

अशा प्रसंगी बाळीचा बाप घरातच असे. तो घरून काम करी, कानाला हेडफोन लावून. वादाला तोंड फुटलं की तो एक बोट वर करी. त्याचा अर्थ 'मीटिंगमध्ये आहे'. बायकोने विचारलं, की यांच्यातलं कोण ठेवायचं, तर त्याने दोन्ही बाजूंत तथ्य असल्याचं सांगितलं. बायकोने सांगितलं, की तथ्य मला नकोय, सोमवारी माणूस हवाय. त्याने बोट वर केलं. समोरचा लॅपटॉप बंद होता.

रविवारी संध्याकाळी निकाल लागायचा होता. बाळीची आई दोघांसमोर उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं, की एकाला थांब म्हणायचं म्हणजे दुसऱ्याला जा म्हणायचं. सासऱ्याला जा म्हटलं तर सासर गेलं, आईला जा म्हटलं तर माहेर. गडद निळ्या कोटात रोज अनोळखी लोकांना 'खोली शिल्लक नाही' असं हसून सांगणारी ही बाई घरच्या दोन माणसांना ते सांगू शकली नाही. तिने सांगितलं, की उद्या दोघांनी मिळून सांभाळा. मग बघू.

दोघांनी मान डोलावली. इतक्या चटकन, की तिला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सोमवारी पहाटेचं दूध झाल्यावर ढेकर डॉक्टरांनी काढली आणि ते बागेत गेले. बाळीच्या आईने आंघोळ केली, निघायच्या आधीचं दूध पाजलं, बाळीला आपल्या आईकडे दिलं आणि कोट घातला. विहीणबाईंनी तो स्वतः इस्त्री केला होता, बाहीच्या घडीने भाजी चिरता आली असती. आता फक्त बाळीची ढेकर निघायची होती. विहीणबाईंनी तिला उजेडाकडे नेलं. "गाल लाल आहे. आधीचा."

तेवढ्यात डॉक्टर आले. ते दारातच उभे राहिले. चेहरा असा, की भूल न देता कोणी दाढ उपटलीय.

बागेत एका निवृत्त ओळखीच्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवून आपुलकीने विचारलं होतं, की तुमच्या इमारतीला कबुतरांचा फार त्रास आहे का हो. डॉक्टर नाही म्हणाले. तेव्हा बाकीच्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग कळलं, की बागेत डॉक्टरांना कबुतरवाले म्हणूनच ओळखतात. पहिल्या आठवड्यापासून.

"तुम्हाला दिसत होतं," डॉक्टर विहीणबाईंना म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

"काय?"

"माझी पाठ. रोज तुमच्या डोळ्यांदेखत मी तसाच खाली जायचो. सगळ्या गावाचे डाग दाखवता, माझा एक दाखवता येत नव्हता?"

विहीणबाईंनी बाळीला दुसऱ्या हातावर घेतलं. "शर्ट माझ्याकडे टाकला असतात तर दाखवला असता. तुम्ही टाकलाच नाहीत. गिऱ्हाईक नसलेल्या माणसाला भर रस्त्यात डाग दाखवत नाही मी. अपमान होतो माणसाचा."

हे ऐकून बाळीच्या बापाने बोट वर केलं.

पुढचं फार पटकन झालं. डॉक्टरांनी बाळीला विहीणबाईंच्या हातातून घेतलं, की ढेकर मीच काढणार, शास्त्राप्रमाणे, सगळ्यांसमोर. त्यांनी रुमालाची साखळी काढली. विहीणबाईंनी साखळीचं एक टोक धरलं, की ही थंडगार साखळी लेकराच्या मानेला नको. मग त्यांनी आपला टॉवेल डॉक्टरांच्या खांद्यावर टाकला, आणि डॉक्टरांनी तो झटकून टाकला, की हा उपकार आधी करायचा होता. विहीणबाई म्हणाल्या, की मुळात दाताच्या डॉक्टरने बिनदाताच्या लेकरात लुडबुड करू नये. डॉक्टर म्हणाले, की काही बायका नातीलाही पावती फाडूनच हातात घेतात. विहीणबाई म्हणाल्या, की त्या शर्टावरचे डाग निदान दुधाचे तरी आहेत का. या वाक्यावर डॉक्टरांना पुरावा सादर करायची घाई झाली. शर्ट काढायला दोन्ही हात लागतात. त्यांनी बाळी समोर दिसेल त्याच्या हातात दिली.

समोर बाळीची आई होती, हातात पर्स, एक पाय चपलेत. आईचा हात विचार करत नाही. तिने बाळीला घेतलं आणि खांद्याला लावलं, आणि बाळीने, जिची ढेकर काढायला सगळं घर उभं होतं, ती स्वतःची स्वतः काढली. मोठी, मोकळी, एखाद्या ठेकेदाराला शोभेल अशी. मग निळ्या कोटावर खांद्यापासून खिशापर्यंत पांढरी धार आली.

विहीणबाई पुढे झाल्या, कोटाचा कडेचा भाग दोन बोटांत धरून उजेडात बघितला आणि म्हणाल्या, "हा ताजा आहे. काढून ठेव, परवा मिळेल."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली.

"मी रुमाल बांधणारच होतो," अर्धा शर्ट काढलेले डॉक्टर म्हणाले. "नोंद असू द्या."

बाळीच्या आईने बाळीला नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं, लॅपटॉपच्या वर, आणि ती निघाली. जिन्याखालच्या नळावर तिने खांदा धुतला. पांढरी धार गेली आणि तिच्या जागी एक मोठा काळपट ओला डाग आला, ज्याला आंबूस वास होता. बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

हॉटेलात ती वेळेवर पोचली. मॅनेजरने घड्याळ बघितलं, मग कोट बघितला, आणि घड्याळाने केलेली निराशा कोटाने भरून काढली. बदली मुलगी खुर्चीतून अर्धी उठली होती. ती परत बसली. नाकाला रुमाल लावून तिने विचारलं, "बाळ कसं आहे?"

मॅनेजर पुन्हा त्याच गोड आवाजात बोलला. की समजू शकतो. की मलाही घरी मुलं आहेत. की आजचा दिवस मागच्या खोलीत बसा, फोनवरची बुकिंगं घ्या, तिथे कोणी बघत नाही. आजचा दिवस म्हणजे किती दिवस, हे तो बोलला नाही. मागची खोली म्हणजे चादरींच्या कपाटाशेजारी एक टेबल, एक फोन आणि भिंत. बाळीच्या आईने तिथे दिवसभर लोकांच्या खोल्या ठरवल्या, लोकांना आणायला-सोडायला गाड्या ठरवल्या. काउंटरवरून बदली मुलीचा आवाज येत होता. ती लोकांना 'पुन्हा या' म्हणत होती, आणि तिला ते चांगलं जमत होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दारातूनच हसण्याचा आवाज आला. तिला वाटलं, मजला चुकला. आत डॉक्टर आणि विहीणबाई एकाच सोफ्यावर बसले होते. बाळी पाळण्यात झोपली होती. बाळीच्या बापाने हेडफोन गळ्यात घेतला होता, आणि एखादा तह आपणच घडवून आणल्यासारखा तो खूश होता.

"बघ," तो म्हणाला, "जमलं शेवटी दोघांचं."

जमलं होतं खरं. दिवसभर विचारविनिमय करून दोघं एका निष्कर्षाला आले होते, आणि तो निष्कर्ष तिच्याबद्दल होता.

"आम्ही दोघांनी विचार केला," डॉक्टर म्हणाले. 'आम्ही दोघांनी' हे शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारले गेले. "सकाळी जे झालं त्यात मूळ चूक तुझी आहे. बाळाला घ्यायचं तर आधी काहीतरी आवरण हवं. रुमाल असो, टॉवेल असो, त्यावर मतभेद असू शकतात."

"अगदी बरोबर बोलताहेत डॉक्टरसाहेब," विहीणबाई म्हणाल्या. "नुसत्या कोटावर घेतलंस कशाला? अगं, एवढी शिकलेली तू. आणि तसं बघितलं तर आई झाल्यावर हे असले कोट घालून मिरवायचं कशाला, हेही आमचं बोलणं झालं. काही दिवस घरी बसलीस तर काय बिघडतं? आम्ही आहोतच दोघं."

बाळीच्या आईने कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला. तिने बेसिनवर हात धुतले, आणि ती पाणी प्यायली. मग सोफ्यासमोर येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर तेच हसू होतं, जे काउंटरवर खोली शिल्लक नसताना येतं.

"उद्या सकाळी दोन गाड्या येणार आहेत. मी आजच सांगून ठेवल्यात. एक बाबांना स्टेशनवर सोडेल, एक आईला बसस्टँडवर. चहा घेऊन निघा."

विहीणबाईंनी आधी तोंड उघडलं. "आईला घराबाहेर काढतेस?"

"हो."

"आणि मला?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हालाही, बाबा."

"मग बाळीकडे कोण बघणार?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याचं बोट वर गेलं. ती ते बोट बघत राहिली. ते हळूहळू खाली आलं.

"मला उद्या लागोपाठ मीटिंगा आहेत," तो म्हणाला.

"घे ना. बाळीला घेऊन घे."

दोघं पाहुणे आतल्या खोलीत आणि बाहेरच्या खोलीत बॅगा भरायला लागले. दोन्हीकडून भांडी आपटावीत तसा कपड्यांचा आवाज येत होता. कपड्यांचा आवाज काढणं सोपं नसतं. थोड्या वेळाने डॉक्टरांनी दारात येऊन विचारलं, की गाडी पहिली कोणाची येणार आहे. दुसऱ्या दारात विहीणबाई उत्तरासाठी थांबल्या होत्या.

"दोन्ही एकदमच," ती म्हणाली, आणि साबण लावून कोटाचा खांदा चोळायला लागली. विहीणबाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, की असं चोळू नये, पोत जातो. लेक आणखी जोरात चोळत राहिली.

सकाळी खाली दोन गाड्या एकामागे एक उभ्या होत्या. मागच्या गाडीत कोणी बसायचं, यावरून इतका वेळ गेला, की चालकांना हॉर्न वाजवावा लागला. बाळीच्या आईने खिडकीतून बघितलं नाही. तिने बाळीला दूध पाजलं, नवऱ्याच्या हातात दिलं आणि कोट घातला. खांद्यावर एक फिकट कडा राहिली होती. बारकाईने बघणाऱ्याला दिसली असती.

नवरा बाळीला हातभर लांब धरून उभा होता, गळक्या पिशवीसारखं. "ढेकर काढायची आहे ना? मग काय घेऊ? बाबांचा रुमाल की आईंचा टॉवेल?"

"शर्ट काढ."

"काय?"

"शर्ट काढ आणि उघड्या खांद्यावर घे. अंगाला इस्त्री लागत नाही. पुसलं की झालं."

त्याने विरोधाचा विचार केला असावा. तो चेहऱ्यावरून गेला. त्याने शर्ट काढला, बाळीला खांद्याला लावलं. बाळीने ढेकर दिली आणि कोमट दूध त्याच्या पाठीवरून खाली उतरलं. तो शहारला, कळवळला, आणि बायको निघून गेलीय आणि खोलीत तक्रार ऐकायला कोणीच नाही हे लक्षात आल्यावर गप्प बसला. लॅपटॉपमधून कोणीतरी त्याचं नाव घेऊन विचारत होतं, की कॅमेरा का बंद आहे.

दारात भांडण नसल्यामुळे बाळीची आई नेहमीच्या आधीची बस पकडू शकली. हॉटेलात बदली मुलगी अजून आली नव्हती. बाळीची आई काउंटरमागच्या खुर्चीत बसली. कुठल्याशा लग्नाचं वऱ्हाड त्याच वेळी खोल्या सोडत होतं. बॅगा, म्हातारी माणसं, किल्ल्या हरवलेले काका, सगळे एकदम बोलत होते. ती एकेकाला निपटत गेली. मॅनेजर आला. त्याने तिच्या खांद्याकडे बघितलं, वऱ्हाडाकडे बघितलं, आणि वऱ्हाडाला घाबरून आपल्या खोलीत गेला.

बदली मुलगी आली तेव्हा गर्दी ओसरत होती. निळा कोट, एक सुरकुती नाही. ती काउंटरपाशी येऊन थांबली, खुर्चीकडे बघितलं, खुर्चीत बसलेल्या बाईकडे बघितलं.

"मॅडम, तुम्ही मागे बसणार होतात ना?" तिने विचारलं. "सरांनी काल सांगितलं होतं. मी कुठे बसू?"

बाळीच्या आईने एका काकांची किल्ली खुंटीला अडकवली. आतून घंटी ऐकू येत होती.

"मागे फोन वाजतोय," ती म्हणाली. "उचल."